शून्य भुसावळला, यान चंद्राला

भुसावळ, ७ जून १९९४

प्रिय रुपचंदभाऊ यांस,

तोतारामचा वाकून नमस्कार. नानांचा खोकला थांबला का? आईंचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे म्हणजे मी एकटाच, आणि मी बरा आहे (भात करपतो, पण पोटात जातो).

तुमची बहीण आखाजीच्या सणाला माहेरी आली ती अजून तिकडेच. जाताना तोंड फिरवून म्हणाली, "तुमनं बठ्ठं ध्यान चंद्रवर शे!" सगळं लक्ष चंद्रावर, हे खोटं कसं म्हणू? कॉम्प्युटर क्लासातली मुलं घरी गेली की मी स्वतः लिहिलेला यानाचा खेळ उघडतो. भुसावळहून यान सोडायचं, चंद्रावर उतरवायचं. उडतं झकास. तापी दोऱ्याएवढी होते, केळीच्या बागा मिटत जातात, मग नुसता काळा, शांत पडदा, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या हलका होतो. चहा निवतो, हाक ऐकू येत नाही (हिचं म्हणणं हेच). पण चंद्र जवळ आला की यानाला हुडहुडी भरायची, आणि उतरायचं सोडून ते सरळ चंद्राच्या आरपार जायचं! फ्लॉपी बदलली, मशीनपुढे नारळसुद्धा फोडला. काही उपयोग नाही.

शेवटी चूक सापडली, भाऊ. सगळी अंतरं मी भुसावळपासून मोजत होतो, म्हणजे शून्य माझ्या टेबलावर. जवळ असेपर्यंत ठीक. लांब गेलं की आकडे एवढे वाढतात की मशीन शेवटचे आकडे गिळून टाकतं, मग यान नेमकं कुठे आहे हे त्यालाच कळत नाही. शून्य उचलून चंद्रावर ठेवलं, तिथून मोजलं, आणि काल यान अलगद टेकलं. मी टाळी वाजवली, पण बघायला घरात कोणी नव्हतं. फार वाईट वाटलं. इतके दिवस मी म्हणतोय, ही लांब गेली, हिनेच यावं. अहो, तुमच्या साक्रीहून मोजलं तर लांब मीच आहे की!

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
तोताराम

ता.क. रविवारी सकाळच्या गाडीने सुनंदेला न्यायला येतोय (नाव घेतलं खरं, पण पत्रात कोण ऐकतंय!).

ता.क. २. तिला येतेस का असं विचारू नका, रागाने नाहीच म्हणेल. मी येतोय एवढंच सांगा आणि तोंड बघा. पडलं, तर मला साक्रीच्या स्टँडवरच गाठा, बाजाराला आलो होतो म्हणेन आणि तिथूनच परत फिरेन. हसली, तर मात्र स्टँडवर कोणीही येऊ नका. कोणी दिसलं नाही की मला कळेल.