तिन्ही गुरुवारचे साठ अंश

सर, आज दुपारी चार वाजता कुरुळीचा एक माणूस मला कॉलेजात भेटायला येतोय. आपल्या दोघांच्या नावावर छापला गेलेला एक आकडा बरोबर आहे की चूक, एवढंच त्याला विचारायचंय. आता अडीच वाजलेत. मी केबिनचं दार लावून घेतलंय आणि तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं.

याची सुरुवात मीच ओढवून घेतली. आपला लेख ज्या प्रथिनांच्या नियतकालिकात आला होता, त्याच्या संपादकांनी माझ्याकडे एक लेख मागितला: इतक्या वर्षांत त्यात काय काय छापलं गेलं, आणि कुणाचं काम पुढे कुणाच्या उपयोगी पडलं. मी हुरळून हो म्हटलं. महिनाभर जुने अंक उपसतेय. सुरुवातीचे अंक किती बारीक होते, सर! एकेका लेखाला दोन नावं, फार तर तीन. आलेख हाताने काढलेले. आपला आलेख तुम्ही ट्रेसिंग पेपरवर श्वास रोखून काढत होतात आणि मला शिंकायचीही परवानगी नव्हती. पुढच्या अंकांत प्रथिनांची रंगीत चित्रं येऊ लागली, परदेशातले लेख वाढले, आणि आता तर लेखाच्या डोक्यावर लग्नपत्रिकेतल्या ‘आपले नम्र’सारखी नावांची रांग असते. प्रथिनाला हात न लावता संगणकावर त्याचा आकार सांगतात. तुम्ही वैतागला असता, आणि मग चोरून शिकलाही असतात.

मग मी यादी काढली, कोणत्या लेखाचा दाखला इतरांनी सर्वांत जास्त वेळा दिला त्याची. वरून तिसरा लेख आपला निघाला. कापडावरची खळ काढणारं आपलं एन्झाइम साठ अंशांवर आठ तास टिकतं, हे सांगणारा. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी दाखला देणारे लेख एकेक करून वाचत गेले. बहुतेकांनी आपलं एकच वाक्य उचललं होतं, तेही बहुधा आधीच्याने उचललं म्हणून. काही थोड्यांनी मात्र प्रयोग स्वतः करून पाहिला होता, आणि लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आम्हाला हा निकाल मिळाला नाही. गंमत अशी की मोजताना कौतुक आणि तक्रार एकाच हिशेबात धरतात. लोकांच्या तक्रारींनीही आपल्याला यादीत वर चढवलं होतं.

त्यांना निकाल का मिळाला नाही, हे मला माहीत आहे. आपल्या कॉलेजातली पाणी तापवून एकाच तापमानाला धरून ठेवणारी टाकी धड चालत नव्हती, म्हणून तुम्ही चाकणच्या एका कंपनीतल्या मित्राला गळ घातली. त्यांची लॅब गुरुवारी मोकळी, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. ‘एकदा आला तो योगायोग, तीनदा आला तो निकाल,’ हे तुमचं ठरलेलं वाक्य. म्हणून मी तीन गुरुवार गेले. सकाळी नमुने टाकीत ठेवायचे, एसटीने कॉलेजात परत येऊन तासाला बसायचं, संध्याकाळी जाऊन बघायचं. पहिल्या दोन्ही गुरुवारी संध्याकाळी पारा साठवर आणि एन्झाइम ठणठणीत. तुम्ही पेपर लिहायलाही घेतलात.

तिसऱ्या गुरुवारी माझा दुपारचा तास रद्द झाला आणि मी लवकर पोचले. लॅबमध्ये अंधार, पंखा बंद. टाकीतलं पाणी कोमट. मी पळत गेटवर गेले, तर वॉचमन मामा डबा खात बसले होते.

“मामा, लाईट कधी गेली?”

“दुपारीच की. दर गुरुवारी जाते पोरी, दुरुस्तीला बंद ठिवत्यात. यील पाचपतुर. तुला ठावं न्हाई व्हय?”

मला ठाऊक नव्हतं. तीनदा केलेला प्रयोग तिन्ही वेळा गुरुवारी केला होता, आणि तिन्ही वेळा लाईट आल्यावर पाणी पुन्हा तापून मला शहाण्यासारखं साठ अंश दाखवत होतं. आपलं एन्झाइम आठ तास टिकलं नव्हतं, त्याला मधे विश्रांती मिळाली होती. इथवर सर, ती नुसती चूक होती. त्यानंतरचं मी केलं. पाच वाजता लाईट आली, मी पारा वर चढेपर्यंत थांबले आणि वहीत लिहिलं: तापमान कायम.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन काळेवाडीला तुमच्या घरी आले. काकू थालीपीठ लावत होत्या. तुम्ही ओट्याला टेकून उभे होतात आणि निवृत्तीला काही महिने उरले होते. मी सांगणार होते. शपथेवर सांगते, वाक्य ओठांवर होतं. तुम्ही वही घेतलीत, पान न वाचताच खाली सही केलीत आणि काकूंना म्हणालात, “हिचं काम मला तपासावं लागत नाही.” याच वहीत मी एकदा आकडा रबराने खोडला होता, तेव्हा तुम्ही वर्गासमोर माझी खरडपट्टी काढली होती: चुकलं तर एक रेघ मारायची, खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. तेच तुम्ही त्या दिवशी न वाचता सही करत होतात. मी गरम थालीपीठ गिळलं आणि गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे अंक आला, तेव्हा तुम्ही पदरचे पैसे घालून एक जादा प्रत मागवलीत आणि ती मला दिलीत. तिच्या जोरावर मला नोकरी लागली.

आता कुरुळीचा माणूस. तो एका छोट्या कारखान्यात हेच एन्झाइम वापरतो. आपल्या लेखावरून त्याने टाकी साठ अंशांवर लावली आणि त्याचा माल तीनदा वाया गेला. काल फोनवर म्हणाला, “मॅडम, मालक म्हणतो तुला टाकी सांभाळता येत न्हाई. उद्या सांजच्याला माझा निकाल लागायचा हाय. आमी चुकलो का तुमचा आकडा, तेवढं सांगा.” मी म्हटलं, समक्ष या. एक दिवस मिळवला, दुसरं काय. खरं सांगितलं तर तुमचं नाव जाईल आणि माझंही. काकू अजून आल्यागेल्याला तो अंक दाखवतात. नाही सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. चार वाजायला पाच मिनिटं आहेत.

साडेपाच वाजलेत. तो येऊन गेला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात रोजच्या नोंदींची वही. दर अर्ध्या तासाचं तापमान, आणि दोन ठिकाणी चुकलेला आकडा एका रेघेने कापलेला. मी ती वही बराच वेळ बघत राहिले. त्याला वाटलं मी चुका शोधतेय. “न्हाई मॅडम, खाडाखोड दोनच जागी हाय,” तो घाईघाईने म्हणाला.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” मी म्हटलं. “आकडा चुकीचा आहे. मला तेव्हाच कळलं होतं.”

तो रागावेल असं वाटलं होतं. तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने डोळे मिटले. “लिहून देता?” त्याने विचारलं. मी लेटरहेडवर लिहून दिलं, सही केली. जाताना दारात थांबून म्हणाला, “तीन म्हैने माझी बायकोबी मलाच म्हणत व्हती, तुमचंच कायतरी चुकतंय.” एवढंच बोलून तो गेला.

मग मी संपादकांना कळवलं. लिहिलं की आम्हा दोघांचा तो लेख मागे घ्या, चूक माझी आहे, सरांना यातलं काही माहीत नव्हतं. उद्या काकूंकडे जाईन. त्या काय म्हणतील, त्याची मला संपादकांहून जास्त भीती वाटते.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाहीच, म्हणून शेवटचं लिहून टाकते. तुम्ही आज काळेवाडीत असतात, संध्याकाळी मला तुमच्यासमोर जाऊन बसायचं असतं, तर त्या माणसाला मी सांगितलं असतं की आकडा बरोबर आहे, तुमची टाकी नीट तपासून घ्या.