चाळीस कासवे

सोमवार, ९ मार्च

विमानतळाने स्थलांतर केले आहे! बारा वर्षांपूर्वी ज्या भूमीस अस्मादिकांचे चरण लागले, ती आता म्हणे मालवाहतुकीस दिली आहे. प्रवाशांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला नवा विमानतळ उभारला आहे. मला कोणी कळवले नाही. ‘बाहेर पडलं की डाव्या हाताला बस’ हे विधान मी दादाला विमानात तीनदा ऐकवले होते. ते डाव्या हाताच्या काचेच्या भिंतीवर जाऊन आपटले.

‘डावीकडे भिंत आहे, छोट्या,’ दादा म्हणाला.

वय वर्षे त्रेपन्न. कुलपांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख. हाताखाली अकरा माणसे. आणि ‘छोट्या’!

ही यात्रा पुतणीची देणगी. तिचे बाबा, म्हणजे माझे ज्येष्ठ बंधू, सहासष्टाव्या वर्षापर्यंत देशाबाहेर पडलेले नाहीत. ‘काका, तूच ने त्यांना. तुला तिथलं सगळं ठाऊक आहे.’ सगळं ठाऊक! ही कीर्ती सर्वस्वी स्वकष्टार्जित आहे, त्यामुळे तक्रार करायची कोणाकडे?

आज एक सिद्धान्त सुचला. प्रथम येणाऱ्या प्रवाशास अज्ञानाची सवलत असते. तो कोणालाही काहीही विचारू शकतो. द्वितीय आगमन करणाऱ्याची ती सवलत संपुष्टात येते. रस्ता विचारायचीही चोरी! तेव्हा टॅक्सीवाल्याला पत्त्याचा कागद दाखवून मी खिडकीबाहेर परिचित मुद्रेने पाहत राहिलो. काहीही परिचित नव्हते.

हॉटेल मात्र तेच. पुतणीने मुद्दाम तेच ठरवले — ‘काकाला बरं वाटेल.’ बरं!

मंगळवार, १० मार्च

दादाने पहाटे उठून मोजणीची दोरी खोलीत आडवी बांधली आणि त्यावर आपले बनियन वाळत घातले. ते सहन केले. न्याहारीनंतर त्याने वही काढली. हे सहन होण्यापलीकडचे होते.

दादा मोजणी खात्यात होता. चौतीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या. सख्ख्या मामाच्या बांधाची वीतभर तक्रार आली, तेव्हा भर उन्हात तीनदा मोजून वीतभर जमीन शेजाऱ्याच्या पदरात घातली. मामा पुढे सहा वर्षे आमच्याकडे जेवला नाही. असल्या माणसाने माझ्या प्रवासकथा बारा वर्षे ऐकल्या, इथवर मला ठाऊक होते. त्या तो टिपून ठेवत होता, हे ठाऊक नव्हते! अनुक्रमांकासह!

‘एक. कासवांचा पूल. कठड्यावर दगडी कासवं, नग चाळीस. हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर.’ चष्म्यावरून माझ्याकडे पाहून, ‘हाक कोणाची? तुझी की माझी?’

‘दादा, तो वाक्प्रचार आहे.’

‘असू दे. दिशा सांग.’

मी आत्मविश्वासाने उत्तर दिशा दाखवली. दादा पावले मोजत निघाला. दोन हजार तीनशे बारा पावलांवर नदी लागली नाही. मोटारींची विक्री करणारे एक काचेचे दुकान लागले.

‘पाडला असेल,’ मी म्हणालो.

‘पूल?’

‘हे शहरच तसलं आहे. काही ठेवत नाहीत.’

‘आणि नदी?’

मी परतीच्या दिशेने वळलो.

परत आलो तर वहिनीचा फोन. मागून नातीचा आरडाओरडा. ‘भाऊजी, दिसली का हो कासवं? ही जीव खातेय माझा!’ वय वर्षे पाच. या कन्येस तिची आई, म्हणजे पुतणी, रोज झोपताना एक कासव सांगते. प्रत्येकाला नाव आहे, स्वभाव आहे. सतराव्याचे नाव आळशी. आळशीचा फोटो हवा आहे!

बुधवार, ११ मार्च

अनुक्रमांक दोन — दर तासाला मान लववून घंटा देणारा लोखंडी बगळा. पाडला. अनुक्रमांक तीन — छतावर पेरूची बाग असलेली शाळा. पाडली. अनुक्रमांक चार विचारण्यापूर्वीच मी पाडून टाकला.

दादा पदपथावर उभा राहिला. रुमालाने मान पुसली. ‘म्हणजे तू सांगितलेलं तेवढंच नेमकं पाडलंय त्यांनी. बाकी सगळं उभं आहे.’

उपरोध होता की निरीक्षण, ते कळले नाही. दादाच्या बाबतीत ते कधीच कळत नाही. संताप झाला! त्याचा नव्हे — या नगराचा! इतकी पाडापाड चालली आहे, तर एखादा फुटका कठडा तरी पुराव्यादाखल सोडायचा!

आता इथे लिहितो, कारण ही वही दादाच्या वहीसारखी प्रश्न विचारत नाही.

मी हे शहर पाहिलेले नाही. कारखान्याने नऊ दिवसांच्या यंत्रप्रशिक्षणास धाडले होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून एकटा बाहेर पडलो. चार तास भटकलो. एका पाटीवरचे एक अक्षर वाचता येईना. विचारायला जावे तर माणसे हसून पुढे जात. अखेर एका कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाला धरून, चक्क रडलो. हॉटेलचा द्वारपाल येऊन हाताला धरून घेऊन गेला. हॉटेल त्या खांबापासून सत्तर पावलांवर होते — माझ्या पाठीमागे! त्यानंतर कारखान्याची गाडी, खोली, कारखान्याची गाडी. जेवण खोलीत. पाव आणि उकडलेली अंडी.

खोली क्रमांक सहाशे चौदा. पलंगासमोर एक चित्र टांगलेले होते. नदी, पूल, कठड्यावर दगडी कासवे. दुसरे पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून संध्याकाळी पडल्या पडल्या मोजत असे. चाळीस भरत.

परतलो तेव्हा सगळे घर उतरवून घ्यायला आले होते. घरी पोहोचताच पुतणीने विचारले, ‘काका, काय काय पाहिलंस?’ मी तोंड उघडले आणि त्यातून पूल बाहेर पडला.

खोटे बोलायचे ठरवले नव्हते. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बुटाची नाडी, सायकल, त्रैराशिक, दाढी — सगळे दादाने शिकवले. आमच्या घरात जे काही ठाऊक असायचे, ते दादाला ठाऊक असायचे. त्या दिवशी प्रथमच तो समोर मांडी घालून बसला, हनुवटीखाली हात घेतला आणि म्हणाला, ‘मग?’

त्या एका ‘मग?’साठी मी पूल बांधला. पुढे बगळा, शाळा, पेरूची बाग — सगळे नगरविकासाचे कार्य त्याच एका अनुदानावर चालले आहे.

गुरुवार, १२ मार्च

पूल नाही. दादाचा उजवा गुडघा सुजून टरबुजाएवढा झाला आहे. तीन दिवसांची पावले : एकोणतीस हजार चारशे. अपराधी : अस्मादिक.

शुक्रवार, १३ मार्च

सर्वनाश.

दादा लंगडत खाली आला आणि दारातल्या म्हाताऱ्या द्वारपालापुढे त्याने आपला फोन धरला. त्या फोनात एक बाई आहे. आपण मराठीत बोलावे, ती त्यांच्या भाषेत बोलते, आणि उलटेही. ती माझ्याहून शुद्ध मराठी बोलते, म्हणून पहिल्या दिवसापासूनच मी तिच्याशी अबोला धरला आहे. मी दादाच्या मागोमाग धावलो. उशीर झाला होता.

द्वारपालाने फोनकडे पाहिलेच नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग दोन्ही हात पसरून काहीतरी आनंदाने ओरडला. तोच! केस पांढरे झाले आहेत, हात तेच. ज्या हातांनी मला खांबापासून सोडवले!

बाईने सांगितले, ‘हे सहाशे चौदा क्रमांकाच्या खोलीतील सद्गृहस्थ आहेत. ते बाहेर जात नसत. आम्ही त्यांना वर पाव आणि अंडी पोहोचवत असू. यांची प्रकृती आता कशी आहे?’

दादाने माझ्याकडे पाहिले नाही. फोन तोंडाजवळ नेला. ‘त्यांना विचार, इथे दगडी कासवांचा पूल कुठे होता?’

म्हातारा विचारात पडला. मग मांडीवर थाप मारून हसला. ते हसणे बाईला भाषांतरित करता आले नाही, पुढचे आले. ‘तो पूल त्यांच्या खोलीतील चित्रात होता. नूतनीकरणाच्या वेळी सर्व चित्रे काढली. ते चित्र मला आवडत असे. आता ते तळघरात, कामगारांच्या जेवणघरात आहे.’

‘खरा पूल कुठे आहे?’

‘ते चित्रकारास ठाऊक.’

दादाने फोन बंद केला. खिशात ठेवला. खिशाचे बटण लावले. ‘चल. न्याहारी संपेल.’

बस्स! एवढेच! संतापला असता, हसला असता, मामाचा बांध मोजला तसे मला मोजले असते, तर मी काहीतरी बोललो असतो. उत्तरे तयार होती — बारा वर्षे तयार आहेत. प्रश्नच आला नाही.

‘दादा—’

‘मीठ दे.’

दिवसभर त्याने वही उघडली नाही. वहिनीचा फोन आला तर म्हणाला, ‘रविवारी बोलू. सगळे जमा, पोरीलाही बसवा. कासवांचं रविवारी.’ आणि ठेवला.

रविवारी! सर्वांसमोर! जाहीर मोजणीची नोटीस निघावी तशी नोटीस निघाली आहे.

शनिवार, १४ मार्च

साडेसहाला दाराचा आवाज झाला म्हणून डोळे उघडले तर दादा चालला होता. चष्मा, वही, विजेरी.

‘कुठे?’

‘झोप तू.’

‘गुडघा—’

‘झोप म्हटलं ना.’

काय करायला गेला असेल? परतीचे तिकीट बदलायला? इतक्या सकाळी? मी खिडकीतून रस्त्यावर पाहत बसलो. दादा रस्त्यावर दिसला नाही. या हॉटेलला मागचे दार आहे की काय, हेही मला ठाऊक नाही. दोनदा येऊन!

सव्वा तासाने आला. खांद्यावर कोळिष्टक. विजारीचे दोन्ही गुडघे धुळीने पांढरे. पडला असणार! मी धावलो, तर हात झटकला.

‘कुठे होतास?’

‘मोजणीला.’

‘न्याहारी?’

‘झाली. खाली चांगली माणसं आहेत.’

आणि सुजलेल्या गुडघ्यावर ओला टॉवेल टाकून घोरू लागला. मी इथे चिंतेने अर्धा झालो आहे आणि हा खालच्या माणसांत न्याहारी करून येतो! यात काही न्याय?

निर्णय झाला आहे. उद्या फोनवर दादाने तोंड उघडण्यापूर्वी मीच सांगणार. भाषण तयार आहे. प्रास्ताविक, कबुली, क्षमायाचना. प्रास्ताविक फार लांबले होते, दोनदा कापले. कबुली एका ओळीची आहे. ती आरशासमोर म्हणून पाहिली. ‘पूल नाही, पोरी.’ तिसऱ्या शब्दाला अडतो. पाच वर्षांच्या मुलीपुढे चाळीस कासवे एका ओळीत मारायची, हे काम कुलपांच्या माणसाचे नव्हे.

रविवार, १५ मार्च

फोन लागला. पडद्यावर वहिनी, पुतणी, मांडीवर नात. मी घसा खाकरला. ‘पूल—’

दादाने माझ्या हातातून फोन घेतला.

‘हे बघ पोरी, चाळीस नाहीयेत. एक्केचाळीस आहेत. एक कोपऱ्यातल्या खांबाआड आहे, नुसतं डोकं दिसतं. छोट्या आजोबाला उभ्याने दिसलं नसणार. गुडघे टेकून बघावं लागतं. आळशी? आहे ना. सतरावं, मान आत घेऊन बसलंय. नाही गं, फोटो नाही येत, फार अंधार आहे तिथे. पण मी स्वतः मोजलीयत. दोनदा.’

फोन ठेवला. वही उघडली. चाळीस खोडले, एक्केचाळीस केले, शेजारी सही आणि तारीख घातली. मग पाय लांब करून बसला, हनुवटीखाली हात घेतला.

‘हं. तो बगळा मान लववायचा म्हणालास. मग?’