छपाईचं यंत्र कोणाचं

मी, खाली सही करणारी, मोठ्या फोटोंच्या छपाई-दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने शेजारी बसून मला फाइल तयार करताना बघावं.

१. राहतं घर माझ्या नवऱ्याचं. त्यांनी बाल्कनीत कितीही कुंड्या वाढवल्या तरी कोणी बोलू नये.

२. धाकट्या दिरांना, ज्यांना सगळा बाजार 'ताणू' म्हणतो, दुकानातली फिरती खुर्ची द्यावी. माउस देऊ नये. फोनवर आलेला बोटभर फोटो कोपऱ्याला धरून भिंतीएवढा ओढायची त्यांना भारी हौस. मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाचा फोटो त्यांनी नुसता आडवा ताणला आणि सडपातळ बाई दारात मावेनाशा झाल्या. माझ्या लेकीने ती फाइल अडवली होती. "मूळ फोटो मागवा, काका," म्हणाली.

"लांबून कोण बघतंय?"

"बाई बघतील की!"

शब्दाने शब्द वाढला आणि लेक दुसऱ्या दुकानात नोकरीला गेली. मला ते अजून सलतं.

३. म्हणून यंत्र, संगणक आणि ग्राहकांच्या सगळ्या मूळ फाइली लेकीच्या. तिने दुकान चालवावं ही माझी इच्छा, सक्ती नाही. नको असेल तर विकावं, पण भाऊजींना नव्हे. तिने चालवायला घेतलंच, तर फाइल छपाईच्या मापात उघडून आधी फोटोतले डोळे तपासावेत; ते फुटून चौकोन-चौकोन दिसले की माणूस गेला. स्क्रीन झगझगीत ठेवू नये, छापलेलं काळवंडून निघतं. कडेला जागा सोडावी, टांगायच्या दोरीचं भोक कोणाच्या कपाळात पडू नये. आणि वीतभर तुकडा छापून, भिंतीला लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. गिऱ्हाईक घाई करेल. त्याला बसवून पाणी द्यावं.

ठिकाण: दुकान, यंत्राशेजारचं टेबल.
दिनांक: वरच्या शिक्क्यातला.
सही: केली, एकदाच आणि वाचता येईल अशी.

साक्षीदार पहिला: शेजारचा कुलूपवाला. सही केली.

साक्षीदार दुसरी: इथे मी लेकीलाच बोलावलं होतं, आत काय लिहिलंय ते न सांगता. तिने सगळं वाचलं, पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"सही नाही करायची?"

"कशी करू, आई? ज्याला मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. आणि मला तर हवंय."

म्हणून साक्षीदार दुसरी: समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई. सही केली.