तुझी पिशवी आणि ही पिशवी

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. भाऊजींना अर्धाच, कारण तुझ्या बाळंतपणात त्यांनी डॉक्टरांची बाजू घेतली होती.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आमच्या संशोधनात बाळंतिणीच्या अंगाखाली मापाच्या रेघांची पिशवी लावतो. किती रक्त गेलं ते मग अंदाजाने ठरवावं लागत नाही.

काल ते शिकायला बाहेरचे डॉक्टर आले. त्यांत तुझे डॉक्टर! मला त्यांनी ओळखलं नाही. मी चादरीवर लाल पाणी ओतलं आणि सगळ्यांदेखत त्यांनाच विचारलं, "किती गेलं, सर?"

"थोडंसंच आहे," ते म्हणाले. तुझ्या खाटेपाशी म्हणाले होते, अगदी तसंच.

तेवढंच पाणी मी पिशवीत ओतलं. ते लिटरच्या रेघेपर्यंत चढलं.

"तुमच्या याच 'थोडंसं'पायी माझ्या बहिणीची गर्भाची पिशवी काढावी लागली," मी म्हणाले आणि ही पिशवी त्यांच्या हातात दिली. "रेघ मोठ्याने वाचा." त्यांनी वाचली. मी पुन्हा वाचायला लावली.

मला काडीचंही वाईट वाटलं नाही. तुझी कंबर अजून धरते का? लेक काय म्हणते?

हे पत्र भाऊजींना मोठ्याने वाचायला लाव. आणि मग पुन्हा एकदा.

तुझीच,
धाकटी