बाई बसली आहे

९ जानेवारी २०१७
बीपी १६०/१००. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं, तर १६४. दुसऱ्यांना मीठ कमी खा सांगणारी मीच.
आज लसीकरणाला जयवंतीवर सगळ्यांदेखत ओरडले. लसींचा डबा उशिरा आला तो गाडीमुळे, तिचा काय दोष? नऊ वर्षं ती इथली आशाताई, माझ्याबरोबर पाड्यापाड्यांनी फिरतेय. ती खाली मान घालून बर्फाच्या पिशव्या लावत राहिली.
डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गोळी चालू करा आणि रोज वीस मिनिटं काहीच करू नका." काहीच म्हणजे? "काहीच म्हणजे काहीच." वयाने माझ्या मुलीएवढी. सांगायला काय जातं!

११ जाने.
सकाळी सहा. उपकेंद्राच्या क्वार्टरच्या ओट्यावर चटई, डोळे बंद. फ्रीजचं तापमान लिहिलं का? डहाणूला घरी गॅस संपला असेल. उधव्याची बैठक किती तारखेला? वडील संध्याकाळी नाम घेत बसायचे ते आठवलं, म्हणून मीही घेऊन बघितलं. पाचव्या वेळेला नामाच्या जागी गरोदर मातांची यादी सुरू झाली.
उठले. चहा. चार मिनिटं झाली होती.

१७ जाने.
सात मिनिटं. पाय सुन्न.

२२ जाने.
आज जरा मन लागत होतं, तेवढ्यात एक म्हातारा गुडघ्याचं मलम मागायला. सव्वासहाला! "बसलेय दिसत नाही? मी उठेपर्यंत कुणी हाक मारायची नाही!" उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हातारा बिचारा मागच्या पावली गेला. शांत होण्यासाठी बसायचं आणि त्यासाठी भांडायचं, हे मलाच जमावं.
जयवंती पाणी भरत होती. तिने ऐकलं.

४ फेब्रुवारी
आठवडाभर एक हाक नाही. पाण्याला जाणाऱ्या बायका ओट्यासमोरून बोलत जायच्या, त्या आता शेताच्या बांधावरून जातात. आज एकीने दुसरीच्या हाताला धरून बांगड्या वाजू दिल्या नाहीत. डोळे अर्धे उघडून पाहिलं मी.
जयवंतीला विचारलं. म्हणाली, "भगत बसला का त्याला हाक नाय मारत. शिवत पण नाय. त्याचा तो उठंल तवा उठंल. मी सगल्यांना सांगलंय, बाय बसते."
"अगं, मी काय भगत आहे?"
"तुझ्या अंगात नाय येत, त्या आम्हाला ठावं. पण बसलेला तो बसलेला."
हसले. तिला म्हणायला हवं होतं की पाड्यावर जाऊन नीट सांग, अडलं तर खुशाल हाक मारा. म्हटलं नाही. सोयीचं होतं. आणि खोटं कशाला लिहू, मान आवडला.

१९ फेब्रु. (डहाणू)
बीपी १३८/८८. ह्यांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसले. मी भाजीवरून बोलले तसे म्हणाले, "तिकडे संन्यास, इकडे माझ्यावर आवाज! उलटं करून बघ एकदा." कामगार हसले. मीही.

७ मार्च
वीस मिनिटं पूर्ण. यादी येते आणि जाते. जयवंतीवर महिन्यात एकदाही ओरडले नाही. तीच म्हणाली, "बाय, आजारी नाय ना?"

२१ मार्च
वनिताची तपासणी. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेत. बाळाचे ठोके १४४, छान. सासू रखमी सोबत, दर वेळेस असतेच. तिलाही ठोके ऐकवले. पोटावर कान ठेवल्यासारखी मान वाकडी करून ऐकत राहिली. नवरा सुरेश उंबरगावला कंपनीत, रविवारी येतो. रखमीला बजावलं: कळा येवोत न येवोत, पाणी गेलं की लगेच माझ्याकडे. "लगीच आणीन," म्हणाली.

२८ मार्च
डोळे उघडले तर पावणेसात वाजलेले आणि पायरीवर दोघी. वनिता खांबाला टेकलेली, साडी ओली. पाणी हिरवट, बाळ आत गुदमरत असल्याची खूण. रखमी तिचा हात धरून गप्प बसलेली. मला बघून उठली.
"कधी आलात?"
"उजाडताना."
म्हणजे पंचवीस मिनिटं. चार हातांवर बसून होत्या!
ठोके होते. कमी, पण होते. गाडीला फोन केला, अर्धा तास लागेल म्हणाले. पाड्यावरची जीप काढली. वाटेत दोनदा ठोके ऐकले. हायवेला लागल्यावर तिसऱ्यांदा…
तलासरीला साडेआठला प्रसूती. मुलगी. रडली नाही.
डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? "सांगता येत नाही, सिस्टर. ताण आधीपासूनच असणार. वाचलंही असतं."
वनिता बरी आहे. भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.
रखमीला ओरडून विचारलं, हाक का नाही मारलीस? "तू बसलेली होतीस."

२९ मार्च
बसले नाही.
अहवालाचा फॉर्म भरायचा होता. एक रकाना: उशीर कुठे झाला. पेन बराच वेळ हातात. मग लिहिलं: "नातेवाइकांनी आणण्यास उशीर केला." जयवंतीला सहीसाठी दिला. तिने वाचला. माझ्याकडे पाहिलं. सही केली.
खोटं तरी काय आहे त्यात? हाक मारायला हवी होती रखमीने.

६ एप्रिल
बसत नाही. बीपी मोजत नाही.

२० एप्रिल
सुरेशने अहवालासकट सगळ्या कागदांची झेरॉक्स मागून नेली. कंपनीतून काही मदत मिळते का बघायला. दिली. न देऊन काय करणार होते?

१४ मे
जयवंतीकडून कळलं. सुरेशने कागद वाचला. आईला म्हणाला, तू उशीर केलास, तू माझी पोर घालवलीस. रखमीने मान डोलावली म्हणे. चूल वेगळी केली. वनिताला तिकडे जायची बंदी. रखमी आता एकटीची भाकर भाजते, आणि पोरगा रविवारी आला की तिच्या दारावरून सरळ पुढे जातो.
जयवंतीने एवढंच सांगितलं.  तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

३ जून
ओट्यावर चटई टाकली. बसवेना. कान सगळे पायरीकडे. कुत्रं आलं तरी डोळे उघडतात.
पाड्यावर निरोप पाठवला: बाय बसलेली असली तरी हाक मारा. बैल गेला आणि झोपा केला.

२६ जुलै
लावणी चालू आहे. रखमी दुसऱ्यांच्या शेतात भाताचं आवण लावायला जाते. बांधावर समोरासमोर आलो. "बाय, बरी आहेस?" तिनेच विचारलं. मी हो म्हटलं आणि पुढे गेले. चोराच्या मनात चांदणं.

१० सप्टेंबर (डहाणू)
ह्यांच्यावर ओरडले, मुलीवर फोनवर ओरडले. हे म्हणाले, "तुझं ते बसणं परत सुरू कर बाई, हात जोडतो." चिकूच्या झाडाखाली जाऊन रडले. ह्यांना काही सांगितलेलं नाही.

२२ जानेवारी २०१८
वनिताला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना. सुरेशबरोबर आली, रखमी नाही. कार्ड भरलं. सोबत कोण राहणार विचारलं तर सुरेश म्हणाला, "मीच. आईवर आता इश्वास नाय." वनिताने मान खाली घातली. मी लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या.

२३ जाने.
आता खरं लिहिते. वहीत तरी.
त्या दिवशी मी पावलं ऐकली होती.
आधी पावलं, मग पायरीवर कुणी टेकल्याचा आवाज, मग श्वास. त्या सकाळी पहिल्यांदाच मन थांबलं होतं. यादी नाही, आवाज नाही, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा. इतकं बरं वाटत होतं. वाटलं, असेल कुणी मलमवाला, थांबेल. थांबतातच हल्ली. आणि मी डोळे उघडले नाहीत.
दहा महिने हे लिहिलं नाही. लिहिलं नाही म्हणून घडलं नाही, असं नाही.
ती शांतता खरी होती, हेच कठीण आहे. खोटी असती तर टाकून देता आली असती.

२९ जाने.
मॅडमना सांगितलं. पावलांचंही.  मग म्हणाल्या, दुरुस्तीचा अर्ज लिहून द्या, पुढे पाठवते. चौकशी होईल, तयारी ठेवा. आणि हळूच: "वनिताच्या घरच्यांना कागदातून कळू देऊ नका. आधी तुम्ही जा."
अर्ज दिला. "उपकेंद्राच्या आवारात पंचवीस मिनिटे प्रतीक्षा. परिचारिकेस चाहूल लागूनही ती उठली नाही." सहा वेळा खोडलं आणि शेवटी हेच ठेवलं. जयवंतीने वाचलं आणि पहिल्यांदाच त्याबद्दल बोलली, "मी पण सही केली व्हती, बाय."

४ फेब्रुवारी
सकाळी बसले. चटईवर, डोळे उघडे ठेवून. पाच मिनिटं. समोरून बायका गेल्या, एकीला मीच हाक मारली. ह्याला बसणं म्हणायचं की नाही, माहीत नाही. पण रखमीकडे जायचं बळ तिथेच बसून आलं, एवढं खरं.

५ फेब्रु.
रखमीकडे गेले. दारात वाल सोलत होती. एकटीचे वाल, मूठभर. मला खाट टाकली, मी खालीच बसले.
सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलं ते, आणि पावलं ऐकली होती तेही. तिने हात थांबवले नाहीत.
"मला ठावं होता," म्हणाली.
"काय?"
"तू जागी होतीस. तुझी पापणी हलली. मी समोरच व्हते."
 मग विचारलं, तर मग हाक का नाही मारलीस गं?
"मला वाटला, आता उठंल. आता उठंल. मंग तू उठलीस."
"आणि सुरेशला का नाही सांगितलंस? इतके दिवस तुला बोल लावतो तो."
तेव्हा तिने वाल खाली ठेवले. माझ्याकडे बघून, एखाद्या पोरीला समजावावं तशी म्हणाली, "तसा सांगला असता तं पाड्यावरची कोण तुझ्याकडं आली असती? वनिताला परत दिवस जाणारच व्हते. मंग तिचा कोण करील?"
तिथे रडले. तिच्या दारात, भर दुपारी. तिने पाणी आणून दिलं. शेजारची बघत होती.
निघताना म्हणाले, रविवारी सुरेश आला की मी येते आणि त्याच्यासमोर, वनितासमोर सांगते. ती नको म्हणाली. दोनदा म्हणाली. "तो तुझ्याकडं पाठवायचा नाय तिला मंग. एवढं कर, पोर होऊ दे, मंग सांग."
हेच सोयीचं आहे मला. म्हणूनच भीती वाटते. आणि तिचं म्हणणं चुकीचंही नाही. वनिताला दुसऱ्या उपकेंद्राला लावून देता येईल, तिथली सिस्टर चांगली आहे, पण ते लांब, आणि सुरेश नेईल का…

१० फेब्रु.
उद्या रविवार, सुरेश येणार. सकाळी बसले, वीस मिनिटं. मन थांबलं नाही, आणि थांबावं असं वाटलंही नाही. रखमीचं ऐकावं की आपलं, एवढंच फिरत होतं.
जयवंतीने विचारलं, "उद्या मी येऊ संगं?"
ये म्हटलं.