नाक्यावर अडवलेला चुडा

तलासरी,
१४ एप्रिल २०२५

ती. स्व. पुतळीताईस,
सुदामचा सा. न. वि. वि.

फोनवर तू भांडतेस, म्हणून पत्र. सारखे प्रश्न विचारतेस म्हणून पाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुला काढलं ते ॲडमिन या नात्याने; भाऊ म्हणून वाईटच वाटलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मेसेज आल्यापासून आम्ही पाड्याचं सुरक्षा दल काढलंय. मी अध्यक्ष. नाक्यावर बांबू आडवा टाकलाय. उमेश आणि रघ्या शिट्ट्या घेऊन बसतात.

काल पहिली संशयित सापडली. डोक्यावर पेटी, बोलणं गुजराती, आधार कार्डही गुजरातीत! मला बाई ओळखीची वाटली. पण अध्यक्षानेच ओळख दाखवली तर नियमाला काय किंमत? हिसकाहिसकीत पेटी पडली, आत नुसत्या बांगड्या निघाल्या. बऱ्याच फुटल्या. जमलेल्यांपैकी कुणीतरी काठी उगारली, ती मी धरली. बाई परत गेली. पाडा सुरक्षित आहे.

प्रगतीचं लग्न तोंडावर आलंय, आत्याने आधीच यावं. तुझ्या वाडीच्या चिकूंचा गोडवा थोडा तुझ्या उत्तरातही उतरावा ही विनंती.

तुझा,
सुदाम


घोलवड,
१८ एप्रिल

चि. सुदाम यास अनेक आशीर्वाद.

एका बांबूवर माझ्या भावाने सरहद्द राखली, हे वाचून ऊर भरून आला. अध्यक्षसाहेब, ओळखीची 'वाटली' ती संजाणची सकीनाबेन. आईचा चुडा तिच्या सासूने भरला, माझा तिने. तुझ्या बारशाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या मण्यांच्या मनगट्या तिनेच बांधल्या. तुझं पहिलं सुरक्षा दल तीच!

आमच्याकडे चिकू उतरवायला तुमच्याच डोंगराकडची माणसं येतात, ट्रकवाला वापीचा, भांडणं तीन भाषांत. प्रत्येकाचं कार्ड बघत बसलो तर फळ झाडावरच सडेल.

आणि फुटल्या त्या प्रगतीच्याच लग्नाच्या बांगड्या. मीच सांगून ठेवल्या होत्या. आता चुडा कोण भरणार? रघ्या, शिट्टी वाजवत? नवरीने दुकानातून आणून आपल्या हाताने चढवायच्या, हे आपल्यात चालत नाही.

सकीनाबेनचा फोन आला होता. रागावली नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, आता त्या बाजूला यायची भीती वाटते. सुदाम, ती काठी पडली असती तर? हे मी थट्टेने विचारत नाही. ती येणार नसेल तर मीही लग्नाला येणार नाही.

माया आहेच, अध्यक्षपद सोडलंस तर आणखी वाढेल.

तुझी,
पुतळीताई


तलासरी,
२ मे

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

संजाणला सकीनाबेनकडे जाऊन आलो. तिच्या गल्लीत शिरताच दोन पोरांनी विचारलं, कोण, कुठले, कुणाकडे. मी घाईने आधार कार्ड काढलं. ते हसले आणि दारापर्यंत सोडून गेले. चौकशी अशीही करता येते, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं.

मी हात जोडले. तिने आधी चहा दिला, मग म्हणाली, येईन, पोरीसाठी येईन. तुझ्यासाठी असं म्हणाली नाही.

बांबू काढला, तो मांडवाला लावला. टोळी काही आली नाही. बहुधा शिट्ट्यांना घाबरली. ग्रुपवर तुला परत घेतलंय, हवे तितके प्रश्न विचार.

काल ती येऊन चुडा भरून गेली. तू लग्नाला येशीलच, पण हे तुला आधी सांगायला हवं. नाक्यावर मी एकटाच घ्यायला उभा होतो. मला पाहून तिने पेटी खाली ठेवली आणि कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून हातात धरलं. मी म्हटलं, आत ठेव, कुणी मागत नाही. तिने ऐकलं नाही. सगळ्या पाड्यातून तशीच चालत आली, एक हात डोक्यावरच्या पेटीला, दुसऱ्यात कार्ड. माझी मान वर होईना. प्रगतीने मनगट पुढे केलं. बांगड्या भरायला दोन्ही हात लागतात, तेव्हा कुठे तिने कार्ड खाली ठेवलं.

ताई, ये. रागासकट ये.

तुझा,
माजी अध्यक्ष सुदाम