दाढ दुखायची थांबली

ता. १३, गुरुवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे मजेत, तू पण मजेत असशीलच. इथपर्यंतचं शाळेत शिकवलेलं, पुढचं माझं. शुद्धलेखन बघू नकोस, इंग्लिश मीडियमची आहे.

आधी हे वाच: मावशी बरी आहे. तुझी आई खरंच बरी आहे गं. सकाळी एका गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं, "माझं माप चुकलेलं नाही, तुमचं पोट वाढलंय."

फोनवर का नाही सांगितलं? कारण दुकानातला फोन शिलाई मशीनच्या शेजारी, आणि मशीन चालू असलं तरी मावशीचे कान चालूच.

तर, तिची दाढ. जाड दोरा ती कात्रीने कापतच नाही. दाढेत धरून कट्ट! तीस वर्षं. सोमवारी डॉक्टरबाईंनी दाखवलं, दाढेला केसाएवढी चीर गेलीय. मला वाटायचं दात दुखला म्हणजे कीडच. तसं नसतं! हिरडी सुजते, अक्कलदाढ अडकते, सायनस भरलं तरी वरच्या दाढा ठणकतात. आणि चीर असली की चावताना कळ, सोडताना अजून मोठी कळ. मावशीचं तेच चाललं होतं. विचारलं की म्हणायची, "तू आपली बटणांची काजं कर."

तू येऊन दवाखान्याची वेळ घेऊन गेलीस, शुक्रवारची. बुधवारी दुखणं थांबलं. एकदम. मावशी खूश. "दाढेलाही कळतं, मला वेळ नाही." आणि ताई, मी तिच्याहून खूश.

इथे मी दोनदा पेन खाली ठेवलं.

शुक्रवारी एका गिऱ्हाइकाला माझा पहिला कोट द्यायचा होता. पहिला, पूर्ण माझा! बाही खांद्यावर बसेना, आणि मावशीशिवाय ती बसणार नव्हती. मी दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली. मावशीला सांगितलं, तिकडूनच फोन आला, डॉक्टर सुट्टीवर आहेत. ती म्हणाली, "सुटले बाई," आणि बाही लावून दिली. तू फोन केलास तेव्हा मी म्हणाले, दुखायचं थांबलंय. ते खरं होतं. तेवढंच खरं होतं.

सोमवारी सकाळी तिचा गाल हा एवढा! अंगात ताप, तोंडात दोन बोटं जाईनात. तशीच टॅक्सीत घातली. दवाखान्यात काउंटरवरच्या बाईने वही बघितली. "शुक्रवारची वेळ तुम्हीच कॅन्सल केलीत ना?"

मावशीला बोलता येत नव्हतं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

डॉक्टरबाईंनी भूल देऊन पू काढला, गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "दुखणं थांबलं ते आतली नस मेली म्हणून, बरं झालं म्हणून नाही." दोन दिवस दुखलं की दाखवायचं, मध्येच थांबलं तरी दाखवायचं. सूज, ताप आला तर त्याच दिवशी. आणि सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना की श्वास अडकायला लागला, तर थेट हॉस्पिटल. "अजून थांबला नाहीत हे बरं केलंत," असं म्हणाल्या. मला! मला तिथेच रडू फुटलं.

घरी भूल उतरेपर्यंत मी तिच्यासमोर बसून होते. पहिलं वाक्य काय असेल?

"कोट नेला त्याने?"

"नेला."

"बसला?"

"छान बसला."

"बाही मी लावली, हे सांगितलंस?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"सांग त्याला. आणि माझ्या पोरीला पण तूच सांग. मी नाही सांगणार."

तर सांगितलं. त्याला काल, तुला आज. तो नुसता हसला. तू हसणार नाहीस, माहितीये.

काल सूज उतरली. संध्याकाळी मावशीने मोठ्ठी जांभई दिली आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! रूट कॅनाल येत्या सोमवारी अकराला सुरू होणार. वेळ मी तिच्या देखत घेतली, फोन तिच्या कानाला लावून. त्या दिवशी दुकान बंद.

रागवायचं असेल तर फोन कर. मीच उचलेन.

तुझ्या आईला सोमवारी स्वतः नेऊन स्वतः परत आणणारी,
तुझी मावसबहीण